शरणपूरचा जेकब: काय सोडले, काय सोडले नाही

१/ नाशिककरांच्या रोजच्या वापरातील ‘शरणपूर रोड’ या नावामागे एक ख्रिस्ती वसाहत आहे. चर्च मिशनरी सोसायटीने ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवली. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना येथे आश्रय व शिक्षण मिळे.

२/ याओ समाजातील जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. १८७२ मध्ये संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी नाशिकचे सहा तरुण आफ्रिकेत गेले, त्यांत जेकब होता.

३/ मे १८७३. आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. सुसी व चुमा या जुन्या सेवकांच्या पुढाकाराने सर्वांनी देह मायदेशी पोचवण्याचे ठरवले. हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव व तारीख कोरली. देह मीठ लावून वाळवला आणि दीड हजारांहून अधिक किलोमीटरची वाट सुरू झाली.

४/ ऑक्टोबरमध्ये आजच्या टांझानियातील उन्यान्येंबे येथे ब्रिटिश लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. वाट धोक्याची आहे, देह इथेच पुरा, असे त्याने सुचवले. लिव्हिंग्स्टन यांच्या पेट्या उघडून त्यातील उपकरणेही त्याने स्वतःच्या मोहिमेसाठी घेतली.

५/ वाहकांनी उपकरणे जाऊ दिली; देहाच्या बाबतीत मात्र ठाम नकार दिला. उद्धट उत्तर नाही, माघारही नाही.

६/ वाट सगळीच शांततेची नव्हती. त्याआधी एका गावाशी चकमकही झाली होती. पुढे कासेकेरा येथे प्रेत नेण्यास विरोध झाला. तेव्हा धान्याच्या ताटांचे खोटे प्रेत बांधून ते पुरण्यासाठी परत धाडल्याचे भासवले आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला.

७/ फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, मजुरी चुकती केली आणि सर्वांना निरोप दिला. देहाबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब, तोही मिशनच्या खर्चाने. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता. सुसी व चुमा अंत्यविधी उरकल्यावरच इंग्लंडला पोचू शकले.

८/ ख्रिस्ती शिकवणीत नम्रतेला मोठे स्थान आहे. पण ती पुष्कळदा मुकाट्याने मान तुकवण्याशी जोडली जाते. या माणसांनी निराळा भेद केला. मान, श्रेय, वस्तू हे सारे सोडता येते. विश्वासाने हाती आलेले काम मात्र कुणाच्या हुद्द्यासाठीही सोडायचे नसते. अहंकाराशी भांडण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. ती चालण्यासाठी राखली.

९/ ही वृत्ती एका धर्माची मक्तेदारीही नव्हती. सुसी त्या वेळी मुसलमान होता. त्याचा बाप्तिस्मा १८८६ मध्ये झाला. जेकब आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये उरांबो येथे निवर्तला.