आपणच जुळवलेला राक्षस

सुटे अवयव निवडून राक्षस जुळवायचा आणि मग त्याच राक्षसाबरोबर बंद घरात रात्र काढायची, अशा बेताचे छोटे हॉरर गेम आता दोन-चार जण मिळूनही तयार करतात. ते खेळून झाल्यावर आमच्या सायखेड्यातली कॉलेजची मुले जो शेरा मारतात, तोच इतरत्रही ऐकू येतो : राक्षस मीच बनवला, मग त्याची भीती कशी वाटणार? हे मत इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावाच मागत नाही. तो मागण्यासाठी हा लेख.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो. पहिला मुद्दा असा, की भय अज्ञातातून येते. एच. पी. लव्हक्राफ्टसारख्या भयकथाकारानेही १९२७ सालच्या आपल्या निबंधात अज्ञाताचे भय हेच सर्वांत जुने आणि प्रबळ मानले आहे. ज्याचा एकेक दात आपण निवडला, तो अज्ञात कसा? दुसरा मुद्दा : जुळवाजुळव हे कारागिराचे काम. त्यात मन हिशेबात गुंतते, आणि हिशेबात गुंतलेले मन भीत नाही. तिसरा मुद्दा : पैसे खेळणारा मोजतो. त्याला भीती वाटली नाही तर गेम फसला, आणि तो म्हणेल तसा बदलावा. तिन्ही मुद्दे प्रामाणिक आहेत. तिन्ही टिकत नाहीत.

पहिला मुद्दा घेऊ. आमच्या निफाड तालुक्यातल्या गोदाकाठी बिबट्या कसा दिसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचे ठिपके, त्याची चाल, पिंजऱ्यातली गुरगुर, सारे मोबाइलवर पाहून झाले आहे. तो उसात का राहतो हेही ठाऊक आहे : दाट आडोसा, जवळ पाणी, आणि कुत्र्या-शेळ्यांचे आयते खाद्य. तरीही रात्रीच्या विजेवर पाणी भरायला निघालेला शेतकरी हातात काठी आणि बॅटरी घेतो, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो, आणि बारे देताना उसाकडे पाठ करत नाही. बिबट्याविषयी त्याला काय माहीत नाही? एवढेच, की तो आत्ता कुठे आहे. अंगावर काटा यायला तेवढे पुरते. शिवाय ज्याने बिबट्याची झेप डोळ्यांनी पाहिली आहे, तो इतरांपेक्षा जास्तच जपून पाऊल टाकतो. म्हणजे ज्ञानाने भय कमी तर झाले नाहीच, उलट धारदार झाले. लव्हक्राफ्टचे सूत्र खोटे नाही. आक्षेपक ते चुकीच्या जागी लावतात. अज्ञात असायला हवी ती पुढची हालचाल. चेहरा ज्ञात असला तरी चालतो.

दुसऱ्या मुद्द्याला तर आपल्याच परंपरेने कधीच उत्तर देऊन ठेवले आहे. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात चार ब्राह्मणांना वाटेत मेलेल्या सिंहाची हाडे सापडतात. एक हाडे जुळवतो, दुसरा मांस-कातडे चढवतो, तिसरा प्राण घालायला पुढे होतो. चौथ्याजवळ विद्या नाही, पण शहाणपण आहे. तो आधी झाडावर चढतो. सिंह उठतो आणि तिघांना मारतो. इथे तिघांची मने हिशेबातच गुंतलेली होती ना? तोच तर सापळा होता! वेताळपंचविशीत हीच कथा थोड्या फरकाने येते आणि वेताळ विचारतो, दोष कोणाचा? राजा म्हणतो, ज्याने प्राण घातला त्याचा. घडवण्यातून जबाबदारी जन्मते, आणि ही जबाबदारी आयत्या राक्षसापाशी नसते. आयत्या राक्षसापासून पळता येते; आपल्या कृत्यापासून पळून कुठे जाणार?

मेरी शेलीचे १८१८ सालचे ‘फ्रँकेन्स्टाइन’ याच पायावर उभे आहे. नायक अवयव सुंदर असावेत म्हणून निवडून घेतो, आणि स्वतःच्याच निर्मितीने डोळे उघडताच तिच्यापासून पळ काढतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ चित्रपटात हस्तर नावाच्या राक्षसाला भुलवायला हाताने मळलेली पिठाची बाहुली लागते. शेवटी नायक आणि त्याचा मुलगा हाव धरून पुष्कळ बाहुल्या घेऊन हस्तरपाशी उतरतात. बाहुल्या जितक्या, हस्तर तितके. त्या बाहुल्यांत अज्ञात काय होते? काहीच नाही. म्हणूनच तो क्षण भयंकर आहे.

राहिला तिसरा मुद्दा, खेळणाऱ्याच्या अधिकाराचा. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१५ मध्ये ‘सोमा’ हा हॉरर गेम आणला. अनेकांना त्यातले राक्षस कथेच्या आड येणारे वाटले, आणि राक्षसांनी हल्लाच करू नये असा बदल एका खेळणाऱ्याने स्वतः तयार केला. निर्मात्यांनी काय करावे? राक्षस काढून टाकावेत? त्यांनी २०१७ मध्ये एक सुरक्षित पर्याय दिला : राक्षस राहतील, पण जीव घेणार नाहीत. मूळ रचनाही तशीच ठेवली. तक्रार ऐकली, उपाय मात्र स्वतः शोधला. शिवाय पहिला प्रतिसाद बदलूही शकतो. ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा चित्रगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तोच चित्रपट पुन्हा लागला आणि त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. पहिला प्रतिसाद हाच अंतिम निकाल मानला असता, तर दुसरा आला असता कुठून?

अभिप्राय ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराने पाहिले ते सांगावे. ‘भीती वाटली नाही’ ही साक्ष मी जशीच्या तशी मान्य करतो. ‘कारण राक्षस मी बनवला’ हा मात्र तर्क झाला, आणि तो तपासावाच लागतो. तपासल्यावर बहुधा वेगळेच कारण हाती येते. लांब पाय निवडले तरी राक्षस तेवढाच मंद धावतो; चार कान लावले तरी त्याला पावलांचा आवाज ऐकू येत नाही. निवडीला परिणामच नाही, तर भय यावे कुठून? अशा गेममध्ये अचानक किंकाळ्या घाला, असे सुचवणाऱ्यांना एवढेच विचारतो : दचकलेला माणूस पुढच्या क्षणी हसतो, त्याला भ्यालेला म्हणायचे काय?

वाचकहो, निवाडा तुमचा आहे. जुळवणाऱ्याकडून त्याच्या निवडीची किंमत वसूल न करणारा गेम फसतो, आणि फसायलाच हवा. पण त्या अपयशाचे खापर जुळवण्यावर फोडणे अन्यायाचे आहे. खेळणाऱ्यांनी भीती नेमकी कुठे ओसरली ते लिहावे. करणाऱ्यांनी चार कानांना ऐकू येईल अशी व्यवस्था करावी. मग स्वतः लावलेल्या त्या कानांना चुकवत जिना उतरायची वेळ आली, की भीती वाटते की नाही ते आक्षेपकांनीच सांगावे. त्यांची ती साक्ष मी विनातक्रार मान्य करीन.