जिंकलेले गड, न जिंकलेले मावळ
१७०४ च्या फेब्रुवारीत औरंगजेबाने राजगड घेतला आणि मार्चमध्ये तोरणा. राजगडाचे नबीशहागड झाले, तोरण्याचे फुतूहुल्गैब. पंच्याऐंशी वर्षांचा बादशहा यासाठी स्वतः वेल्ह्याच्या डोंगरांत छावणी ठोकून बसला होता. गड मोजले तर मराठे हरले. पण बलाढ्य शेजाऱ्याशी झुंजणाऱ्या लहान राज्याचा जय गडांच्या मोजदादीत सापडत नाही. युद्ध एकदाचे आटोपले असे त्या शेजाऱ्याला कधीच म्हणू न देणे, हा त्या राज्याचा जय. राजगडाची संजीवनी माची पाहा. तिचा तट दुहेरी आहे: बाहेरची भिंत ओलांडून आलेला हल्लेखोर दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेत कोंडतो. १६९९ पासून मराठ्यांनी बहुतेक गडांवर तेच धोरण चालवले. जमेल तितके झुंजायचे, मग रोकड आणि सुखरूप वाट पदरात पाडून गड खाली करायचा; तोवर बादशहा डोंगरांत कोंडलेलाच. तोरणा मोगलांनी चढून घेतला, तोवर नेमाजी शिंदे नर्मदेपार माळव्यात शिरून आले होते. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांना धूळ चारली. बादशहा सह्याद्रीत गुंतला होता, म्हणूनच हे साधले. १७०७ मध्ये भोर संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांनी राजगड परत मिळवला.

कोणी म्हणेल, औरंगजेब त्याच वर्षी वारला, हे केवळ नशीब. पण सारी मोहीम एका वृद्धाच्या हट्टावर चालली असेल, तर त्या हट्टाहून जास्त काळ तग धरणे यालाच दुबळ्याची रणनीती म्हणायचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलूख उजाड झाला. देशमुख शत्रूकडे जाऊ नयेत म्हणून राजाराम महाराजांच्या काळात वतने आणि इनामे सढळ हाताने द्यावी लागली. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येताच राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंशी यादवी पेटली. १७१९ मध्ये स्वराज्याला मान्यता मिळाली, तीही बादशाही सनदेने. हे सगळे खरे आहे, म्हणून हा जय निर्भेळ म्हणता येत नाही. तरीही १६८९ आठवावे. त्या वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. दिल्लीला हे राज्य बुडवायचे होते. तीस वर्षांनी त्याच दिल्लीला त्या राज्याच्या नावे सनदा लिहाव्या लागल्या. विजय म्हणायचा तो या फरकाला. त्यापायी वतनदारांना दिलेल्या मोकळिकीचे कर्ज मात्र पुढच्या पेशव्यांना फेडावे लागले.