पालकवाडीला थांबलेले इंजिन

वर्धा जिल्ह्यात वाफेचे इंजिन कसे आले, हे शोधताना कागदांतल्या तारखा शेजारीशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला बसले. 1866 मध्ये ते हलवले गेले. पालकवाडी नावाचे खेडे मोडून तिथे नवे गाव आखले आणि नदीवरून त्याला वर्धा हे नाव मिळाले. 1867 च्या फेब्रुवारीत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरला पोचला. जेमतेम पाच वर्षांत घडलेल्या या तीन घटना मला सुट्या वाटत नाहीत. कवठा जिल्ह्याच्या पश्चिम काठाला पडत होते, तर पालकवाडी रुळाच्या वाटेवर होती आणि हिंगणघाटच्या बाजारालाही सोयीची होती. ठाणे हलवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आगगाडी होती, हा माझा निष्कर्ष याच तारखांवर उभा आहे.

ज्या कंपनीचे इंजिन इथे आले, तिची वंशावळ मुंबईत सुरू होते. 1852 मध्ये इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने या कंपनीसाठी आठ इंजिने बांधली. पुढे दोन लहान चाके आणि त्यामागे दांड्याने एकमेकांना जोडलेली चार मोठी चाके, अशी त्यांची ठेवण होती. वाफेच्या दाबाने दट्ट्या पुढेमागे होई आणि जोडदांड्यामुळे चारही चाके एकदम फिरत. त्यामुळे रुळावरची पकड वाढे, चाक नुसते घसरत राहत नसे. रूळ साडेपाच फूट रुंदीचे होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 14 डब्यांची गाडी निघाली, तेव्हा सुमारे 400 पाहुणे बसले होते आणि 21 तोफांची सलामी झाली. तीन इंजिने जोडली होती. साहिब, सिंध, सुलतान ही त्यांची नावे आजही सांगितली जातात. प्रवासाला लागलेला वेळ मात्र कुणी 57 मिनिटे देतो, कुणी सव्वा तास. एकाच दिवसाच्या, शेकडो लोकांनी पाहिलेल्या घटनेत एवढी तफावत असेल, तर वऱ्हाडापलीकडच्या पहिल्या गाडीविषयीची कोणतीही नोंद दोनदा तपासून घ्यायला हवी.

मार्ग आखणारे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली 1862 मध्येच वारले. त्यांनी योजलेले रूळ नागपूरला पोचलेले त्यांना पाहता आले नाहीत. थळ घाट ओलांडून ही वाट भुसावळ, बडनेरा, पुलगाव अशी पूर्वेकडे सरकत गेली. वर्धा नदीवर पूल बांधावा लागला, आणि पुलगाव हे नाव आजही त्या पुलाची साक्ष देते.

इंजिनाला इथवर ओढून आणले ते कापसाने. हिंगणघाटच्या बाजारातला बणी कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. पूर्वी तो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून दूर मिर्झापूरपर्यंत जाई आणि तिथून गंगेने कलकत्त्याला. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि तेव्हा इंग्रजांची नजर या काळ्या मातीवर खिळली. पण नागपूरपर्यंतचे रूळ पूर्ण झाले तेव्हा ती यादवी संपून दोन वर्षे होत आली होती. कापसाच्या सर्वांत मोठ्या मागणीच्या दिवसांत या भागातला माल बैलांच्या भरवशावरच होता. रेल्वेच्या इतिहासात ही गोष्ट ओझरती सांगून सोडून देतात, ते मला पटत नाही.

मुख्य मार्ग हिंगणघाटवरून गेला नाही. 1870 च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा काढला गेला, आणि तोही मुळात कोळशासाठी. वरोऱ्याच्या खाणीतून 1871 पासून कोळसा निघत होता. त्यामुळे वर्धा जंक्शन झाले. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कापूस आणि कोळसा दोन्ही जवळ असणे हे जागा निवडण्याचे मोठे कारण होते. 1906 मध्ये वरोऱ्याची खाण बंद पडली, फाटा मात्र राहिला. पुढे तोच बल्लारशाहकडे वाढला आणि आज दक्षिणेच्या गाड्या त्याच वाटेने जातात.

नागपूरला पोचलेल्या या लोहमार्गापेक्षा वर्धा शहर अवघ्या एका वर्षाने मोठे आहे.