महायुद्धकालीन शेतीश्रम आणि विद्यार्थी : येलदरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९-४५) अनेक देशांतील शेतमजूर सैन्यात आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांत गेले. त्यामुळे शेतीत निर्माण झालेली मनुष्यबळाची उणीव काही अंशी विद्यार्थ्यांच्या श्रमातून भरून काढण्यात आली. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील, पूर्णा नदीकाठचा येलदरी परिसर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे युद्धाचा शेतीवरील भार वेगळ्या स्वरूपात का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यार्थीश्रमाचे स्वरूप :
ब्रिटनमध्ये सुट्टीच्या काळात शालेय विद्यार्थ्यांची सुगी शिबिरे भरविण्यात आली. अमेरिकेत १९४३ मध्ये शहरी मुलामुलींना शेतकामास पाठविणारी योजना सुरू झाली. जपानमध्ये हे श्रम सक्तीचे झाले. १९४४ पासून तेथील विद्यार्थी शाळा सोडून शेतात व कारखान्यांत राबू लागले. औद्योगिकीकरणामुळे शेतीपासून दुरावलेल्या पिढीला युद्धाने पुन्हा शेतात नेले.

मराठवाड्यातील परिस्थिती :
हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांपर्यंत पोहोचली. तरीही शेतीवर अवलंबून असलेल्या या विशाल देशात मुख्य टंचाई मजुरांची नव्हे, तर धान्याची होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथील तांदळाची आयात थांबली. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. हैदराबाद संस्थानात शेतकऱ्यांकडून सक्तीने लेव्हीचे धान्य वसूल केले जाऊ लागले. म्हणजेच येथे युद्धाची झळ पेरणी-कापणीला नव्हे, तर खळ्यावरील धान्याला बसली.

शिक्षणाचा प्रसारही अत्यल्प होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी भाषिक शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षण दुर्लभ होते. शेतात राबणारी मुले पुष्कळ होती. परंतु त्यांना विद्यार्थी म्हणवून घेण्याची संधीच मिळाली नव्हती.

निष्कर्ष :
पाश्चात्त्य देशांत विद्यार्थी आणि शेतकरी सुगीच्या निमित्ताने एकत्र आले. हैदराबाद संस्थानात ते अन्यायाविरुद्धच्या लढ्यात एकत्र आले. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामात अनेक विद्यार्थ्यांनी शिक्षणावर बहिष्कार टाकला आणि लेव्हीला विरोध हाही लढ्याचा भाग झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपुष्टात आली. म्हणून विद्यार्थीश्रमाच्या इतिहासात शाळेतून शेतात गेलेल्यांइतकीच, शेतातून शाळेपर्यंत पोहोचूच न शकलेल्या मुलांचीही नोंद होणे आवश्यक आहे.