‘बग सापडला’ म्हणून थांबायचं का? आरियान ५ ची गोष्ट

प्रकल्पात काही बिघडलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कोणी केलं?’ आज आपण दुसरा प्रश्न घेणार आहोत, ‘का झालं?’ तो नेटानं विचारत गेलं की काय हाती लागतं, याचं एक उदाहरण पाहू.

४ जून १९९६. फ्रेंच गियानातल्या कुरूहून युरोपचं नवं रॉकेट, आरियान ५, पहिल्यांदाच झेपावलं. आत ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह होते. सुमारे चाळीस सेकंदांत ते एकदम वळलं, मोडायला लागलं आणि त्याचा स्फोट झाला. झाक-लुई लिओंस या गणितज्ञांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं. १९ जुलैला अहवाल आला. त्याच्याच आधारानं आपण एकेक पायरी खाली उतरू.

रॉकेट का वळलं? दिशा नि वेग मोजणारा संगणक बंद पडला होता. बंद पडताना त्यानं पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकानं उड्डाणाचीच समजून वापरली. मग राखीव संगणक होता ना? होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर. तो क्षणभर आधीच बंद पडला होता. दोन्ही का बंद पडले? ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांत बसवायची होती, ती मावली नाही.

इथं आपल्यापैकी बरेचजण म्हणतील, ‘सापडला बग!’ मंडळ मात्र पुढे गेलं.

संख्या एवढी मोठी का झाली? प्रोग्राम आरियान ४ साठी लिहिलेला, आणि आरियान ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त. मग संरक्षण का नव्हतं? धोक्याच्या सात व्हेरिएबलपैकी चारांनाच ते दिलं होतं. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि उरलेली तीन मर्यादेतच राहतील असा हिशेब होता. आरियान ४ पुरता तो बरोबरच होता! त्यातून हे गणित आरियान ५ ला उड्डाणानंतर लागतही नव्हतं. तरी ते ठेवलं, कारण जे नीट चालतंय त्याला हात कशाला लावा?

चाचणीत तरी का सापडलं नाही? त्या संगणकाकडून काय हवं, हे ठरवणाऱ्या कागदपत्रांत नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडेच नव्हते. त्या आकड्यांवर त्याची चाचणीही झाली नाही.

म्हणजे पहिल्या ‘का’ला थांबलो असतो तर एखादा प्रोग्रामर दोषी ठरला असता, आणि पुढच्या रॉकेटमध्ये दुसरं काहीतरी फुटलं असतं. मूळ होतं ते अनेकांनी मिळून मान्य केलेल्या, पण नव्यानं न तपासलेल्या गृहीतकात.

आपणही जुना कोड नव्या प्रकल्पात उचलतो. तेव्हा एवढंच विचारू या: हा लिहिताना काय गृहीत धरलं होतं, आणि ते आज खरं आहे का?