तळटीप : झेलमच्या काठी सिकंदर

'केवळ बेदरकार धाडस' हे लेखकाचे शब्द सिकंदरावर अन्याय करणारे आहेत. पाच-सहा मीटर लांबीचे भाले पेलणारे कवायती पायदळ त्याला वडिलांकडून, फिलिपकडून, तयार मिळाले हे खरे. पण ते कुठे आणि केव्हा वापरायचे याची समज त्याची स्वतःची. इ.स.पू. 326 मधली झेलमची लढाई पाहावी. नदी दुथडी भरलेली, पैलतीरावर पोरस हत्तींसह उभा. हत्ती दिसताच घोडे बुजून तराफ्यांवरून पाण्यात उड्या घेतील, हे सिकंदराने आधीच ओळखले होते. म्हणून तो रात्री-अपरात्री घोडदळ काठाने पळवी, रणगर्जना करायला लावी. पोरसही हत्ती घेऊन समोरून धावे. पुन्हापुन्हा हुलकावणी मिळाल्यावर पोरसने धावणे सोडले. त्यानंतरच, एका वादळी रात्री, आपला सेनानी क्रेटेरस याला छावणीत ठेवून सिकंदर सुमारे 27 किलोमीटर वरच्या अंगाला नदीत उतरला. त्यासाठीच्या नावा सिंधूवरून तुकडे करून आणून पुन्हा जोडल्या होत्या. कातड्यांत गवत भरून तराफे केले होते. एवढी तयारी असूनही पैलतीर समजून सैन्य चढले ते एका बेटावर! उरलेला प्रवाह पायदळाने छातीभर पाण्यातून तुडवला. ग्रीक इतिहासकार एरियनने हे चार शतकांहून अधिक काळानंतर लिहिले, पण त्याच्यापुढे सिकंदराचा सेनानी टॉलेमी याचा वृत्तांत होता; म्हणून आम्ही ते ग्राह्य धरतो. या लढाईच्या पुढच्याच वर्षी मकरानच्या वाळवंटात मात्र सिकंदराची रसद कोलमडली आणि लढाईविना असंख्य माणसे तहानेने गेली. — संपादक