मोटारीच्या काळ्या प्लास्टिकचे नूतनीकरण

न रंगवलेले बंपर, चाकांवरील कमानी, दारांखालच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी अशा मोटारीच्या काळ्या प्लास्टिक भागांवर उन्हाने आलेली पांढुरकी झाक घालवून काळेपणा परत आणण्याची प्रक्रिया. रेनॉ डस्टर (२०१२), फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३) अशा गाड्यांमुळे भारतात काळ्या पट्ट्यांची चाल वाढली आणि या कामालाही मागणी आली.

कारणे : हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे असतात. त्यात लवचिकपणासाठी रबर, ताठरपणासाठी शंखजिरे आणि रंगासाठी काजळी मिसळतात. जूल्यो नात्ता यांनी १९५४ मध्ये स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन बनवले. त्यांना आणि कार्ल त्सीग्लर यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पॉलिप्रॉपिलीन या बहुवारिकाच्या साखळीत एकाआड एक कार्बन अणूवरचा हायड्रोजन सहज सुटतो. अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे तेथून साखळ्या तुटत जातात, पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात आणि शंखजिरे उघडे पडते. प्रकाश तेथे विखुरतो, म्हणून भाग पांढरट दिसतो. काजळी मात्र विटत नाही. उलट ती अतिनील किरण शोषून आतल्या थराचे रक्षण करते. पांढऱ्या पडलेल्या पट्टीवर ओले बोट फिरवले, की तेवढी जागा काळी होते आणि वाळताच पुन्हा पांढरी पडते. पाणी भेगांत शिरून प्रकाशाचे विखुरणे कमी करते, एवढेच. दाणेदार पृष्ठभागात अडकून सुकलेले पॉलिशचे मेणही पांढरे दिसते, पण ते क्लीनर आणि मऊ ब्रशने निघते.

पद्धती : सिलिकॉन तेलाचे ड्रेसिंग भेगा भरून लगेच तकाकी आणते, काही धुलाईंत ते निघून जाते. खोबरेल तेल धूळ धरते. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवल्यास भाग घटकाभर काळा दिसतो, मात्र असे द्रव पॉलिप्रॉपिलिनमध्ये मुरून ते फुगवू शकतात. यांहून रंगद्रव्ययुक्त द्रव आणि सुकून कडक होणारे सिरॅमिक लेप जास्त टिकतात. हीट गनने वरचा थर किंचित वितळवूनही काळेपणा येतो. परंतु पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५° से. तापमानाला वितळत असल्याने हात थबकला, की दाणेदारपणा जाऊन चकचकीत डाग पडतो किंवा पट्टी वाकडी होते. उन्हापासून नवे संरक्षण या पद्धतीत मिळत नाही. पॉलिप्रॉपिलिनवर रंग सहज धरत नाही, म्हणून रंगवण्यापूर्वी प्लास्टिकचा खास प्रायमर मारावा लागतो.

कृती : गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना काम करतात. भाग क्लीनर व ब्रशने घासून धुतात, पूर्ण वाळवतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढतात. शेजारच्या रंगावर चिकटपट्टी लावून लेपाचा पातळ हात देतात. उरलेला द्रव लगेच टिपून घेतला नाही, तर ओघळ व पट्टे उठतात. लेप सुकेपर्यंत पाणी लागू देत नाहीत.

इच्छापोर परिसर : ऊन-पावसाचा परिणाम कळण्यासाठी सुरतच्या पश्चिमेला हजिरा रस्त्यावरील इच्छापोरचे उदाहरण घेता येते; हा औद्योगिक वसाहतीचा भाग आहे. जवळच्या हजिऱ्याला पॉलिप्रॉपिलिनचे उत्पादन होते. सुरत सुमारे २१.२° उत्तर अक्षांशावर असल्याने माध्यान्हीचा सूर्य मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यास थेट डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात. मेमधील ऊन मात्र निरभ्र आकाशातून पडते. म्हणून उघड्यावर उभ्या गाडीची वायपरखालची जाळी आणि बंपरची वरची कड, म्हणजे आडवे भाग, दारांवरील उभ्या पट्ट्यांच्या आधी पांढरे पडतात. पावसाळ्यात ड्रेसिंग धुऊन जाते, त्यामुळे येथे टिकाऊ लेप पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोरड्या दिवसांत देणे सोयीचे.

मर्यादा : तुटलेल्या साखळ्या कोणत्याही लेपाने पुन्हा जुळत नाहीत. भेगा नखाला लागत असतील किंवा भाग दाबताच तडकत असेल, तर तो बदलणेच योग्य. नव्या भागाचे आयुष्य सावलीतील पार्किंग आणि अतिनीलरोधक लेप यांनी वाढते.